खंदकातलं पाणी आणि चाळीस डुकरं

किल्ल्यांचे व्हिडिओ पाहा, खंदक दिसला की निवेदक त्यात मगरी सोडतोच! दौलताबाद असो वा इंग्लंडमधला बोडिअम. पण पाण्याचं खरं काम जमिनीखाली चालतं.

जुन्या वेढ्यांत तट पाडायचा हुकमी उपाय म्हणजे सुरुंग, तोही बिनदारूचा. तटाखाली बोगदा खणायचा, छताला लाकडी टेकू द्यायचे आणि शेवटी ते पेटवायचे. 1215 साली इंग्लंडच्या जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घालून हेच केलं. चरबीने आग भडकावी म्हणून त्याने चाळीस लठ्ठ डुकरं मागवली, खाण्यालायक नसतील तीही चालतील, असं कळवून. बालेकिल्ल्याचा एक कोपरा कोसळला. तिथे पुढे गोल बुरूज बांधला. उरलेले तीन अजून चौकोनी आहेत.

आता मध्ये पाण्याचा खंदक असेल तर? बोगदा त्याच्या तळाखालून न्यावा लागतो आणि तिथली माती चिंब असते. एरवी मातीचे कण एकमेकांवर दाबून बसतात, त्या घर्षणावर बोगद्याची भिंत उभी राहते. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी दाबाखाली भरलं की ते कणांवरचा भार स्वतः पेलतं, घर्षण घटतं. पाण्याच्या पातळीखाली साडेचार मीटरवर हा दाब चौरस मीटरला सुमारे साडेचार टन होतो. बोगदा मात्र मोकळा, म्हणून पाणी चारी बाजूंनी तिकडेच धावतं आणि येताना वाळू ओढून आणतं. पंप नसलेल्या काळात बादल्यांनी किती उपसणार?

बोडिअमचा खंदक झऱ्यांवर भरतो, सरासरी दीड मीटर खोल. फ्रेंचांशी युद्धात नाव कमावलेल्या एडवर्ड डॅलिंग्रिजने 1385 साली दुसऱ्या रिचर्डच्या परवान्याने हा किल्ला बांधला. पण इथे गोम आहे. पाणी अडवणारा मातीचा बांध थोडक्या माणसांनाही फोडता आला असता, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे संरक्षणापेक्षा थाटमाटच जास्त? मला दोन्ही वाटतं. शिवाय 28 शौचकूप थेट या खंदकात उघडत. व्हिडिओंत ‘स्वप्ननगरीचा किल्ला’ म्हणून मिरवणाऱ्या बोडिअमला तेव्हा काय वास येत असेल!

सतराव्या शतकातल्या यादवी युद्धानंतर आतली बांधकामं पाडली गेली, वस्ती उठली. बाहेरचा तट तेवढा राहिला. भुताखेतांच्या गोष्टी मग आपोआप चिकटल्या, ओस वास्तूला त्या चिकटतातच.

1917 साली हा किल्ला विकत घेतला लॉर्ड कर्झनने. होय, बंगालची फाळणी करणाराच. आपल्याकडचा 1904चा पुरातन वास्तू संरक्षण कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. 1919 साली त्याने खंदक रिता करून डागडुजी केली. 1925 साली तो वारला, तेव्हा मृत्युपत्रानुसार किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला.