झुंजार कोंबड्याची जात ओळखताना रंग शेवटी पाहा

परसातल्या कळपात एखादा कोंबडा उंच पायांचा, ताठ मानेचा, रागीट डोळ्यांचा निघतो आणि हा कुठल्या जातीचा, अशी चर्चा सुरू होते. बहुतेक जण आधी पिसांचा रंग पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की रंग अगदी शेवटी पाहावा.

काळी छाती, लालसर सोनेरी मान आणि हिरवट झाक असलेली काळी शेपटी हा मुळात रानातला रंग आहे. 2020 मध्ये 863 पाळीव आणि रानटी कोंबड्यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याच्या एका आग्नेय आशियाई उपजातीपासून आली, असे त्यातून दिसले. त्या पूर्वजाचा रंग आजही असील आणि ओल्ड इंग्लिश गेम या झुंजार जातींमध्ये सापडतो आणि झुंजीशी काहीही संबंध नसलेल्या तपकिरी लेगहॉर्नमध्येही सापडतो. उलट, एकट्या असीलमध्ये कागर काळा, नुरी पांढरा, पीला सोनेरी लाल आणि याकूब काळा-तांबडा असतो. रंग बदलला तरी जात तीच राहते.

मग पाहायचे काय? सुरुवात तुऱ्यापासून करावी. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडा शांतपणे हातात येतो. तेव्हा बोटाने तुरा चाचपून पाहा. एकेरी तुरा पातळ, उभा आणि दातेरी असतो. वाटाणा तुरा बुटका, घट्ट, डोक्याला चिकटलेला आणि त्यावर बारीक गाठींच्या तीन समांतर रांगा, मधली थोडी उंच. बोट फिरवले की या रांगा स्पष्ट जाणवतात. असील आणि जपानचा शामो यांचा तुरा या घडणीचा असतो, तर ओल्ड इंग्लिश गेमचा एकेरी. वाटाणा तुऱ्यामागचे कारण 2009 मध्ये सापडले. सॉक्स-5 नावाच्या जनुकातला डीएनएचा एक तुकडा या पक्ष्यांत अनेकदा पुन्हा पुन्हा आलेला असतो. त्यामुळे गर्भात तुरा घडत असताना ते जनुक भलत्या जागी काम करू लागते, तुरा आखूड राहतो आणि चोचीखालचे लोंबते लाल मांसही कमी होते. म्हणून असीलचा चेहरा इतका आटोपशीर दिसतो.

इथे एक अडचण येते. झुंजीसाठी पाळलेल्या कोंबड्यांचे तुरे आणि लोंबते मांस पुष्कळदा कापून टाकलेले असते. जखम भरल्यावर डोके गुळगुळीत दिसते आणि मूळ तुरा कोणता होता ते कळत नाही. अशा वेळी त्याच्या बहिणी पाहाव्यात. माद्यांचे तुरे सहसा कोणी कापत नाही.

तुऱ्यानंतर पिसे. झुंजार जातींची पिसे आखूड, अरुंद, कडक आणि अंगाला घट्ट बसलेली असतात, खालची मऊ लव फार थोडी. कोंबडा उचलला की तो दिसतो त्याहून जड लागतो, कारण आकार पिसाऱ्याचा नसून स्नायूंचा असतो. असीलच्या छातीच्या हाडावर पिसे इतकी विरळ असतात की लालसर कातडी उघडी दिसते. वाटाणा तुरा, कडक पिसे, रुंद खांदे, जाड मान, फिकट मोत्यासारखे डोळे आणि खाली झुकलेली शेपटी एकाच पक्ष्यात एकत्र आली, तर असीलच्या बाजूने बराच पुरावा जमा झाला असे मी मानतो.

मलाय ही झुंजार जात असीलहून उंच असते. चांगला नर 75 सेंटिमीटरच्या पुढे जातो. डोळ्यांवर पुढे आलेली कपाळाची कड त्याला उग्र रूप देते. बाजूने पाहिल्यास मान, पाठ आणि शेपटी अशा तीन कमानी दिसतात. आखूड पाय आणि कमालीची रुंद छाती दिसली, तर तो कॉर्निश असण्याची शक्यता आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये असीलचे रक्त वापरून घडवलेली ही जात पुढे ब्रॉयलरच्या पूर्वजांपैकी एक झाली. सडसडीत, काटकुळ्या पायांचा मॉडर्न गेम मात्र रिंगणात कधी उतरलाच नाही. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने झुंजींवर बंदी आली, त्यानंतर तो प्रदर्शनांसाठी घडवला गेला.

पायांचा रंग नोंदवावा, पण त्यावर निकाल देऊ नये. पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले, हे 2008 मध्ये कळले आणि ते आज अनेक जातींत पसरलेले आहे. वयही ध्यानात घ्यावे. या जाती उशिरा भरतात, त्यामुळे पाच-सहा महिन्यांचा लुकडा कोंबडा पाहून ठाम मत देणे घाईचे ठरते. भांडखोरपणावरून तर जात मुळीच ठरवू नये. इतर जातींचे नरही भांडतात, आणि लढवून पाहणे म्हणजे मुक्या जिवाला विनाकारण जखमी करणे.

एवढे सगळे जुळले तरी एका पक्ष्यावरून मिळणारे उत्तर 'असीलसारखा' इथेच थांबते. जात ही वंशाची गोष्ट आहे. गुलाब तुरा (रुंद, चपटा, वर बारीक टोके असलेला) आणि वाटाणा तुरा यांच्या शुद्ध वाणांचा संकर केला, तर पिल्लांना अक्रोडासारखा खडबडीत अक्रोड तुरा येतो. ती पिल्ले आपसात जोडली, तर पुढच्या पिढीत सरासरी सोळांत नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक एकेरी तुऱ्याचे निघते. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवले. मोकळ्या कळपातल्या वाटाणा तुऱ्याच्या देखण्या कोंबड्यातही एकेरी तुऱ्याचे जनुक असेच दडलेले असू शकते. त्याला एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांशी जोडून पाहा. पिल्लांत एकेरी तुरे निघाले, तर निदान त्या गुणात तो शुद्ध नाही. डीएनए चाचणीही तुलनेवरच चालते. ज्या जातीचे खात्रीचे नमुने हाताशी आहेत, तिच्याशी जवळीक किती एवढेच ती सांगते. त्यातही केवळ मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए तपासला, तर फक्त आईकडचा वंश कळतो, कोंबड्याच्या बापाविषयी त्यातून काहीच हाती लागत नाही.