गडावरची माकडं माणूस का होत नाहीत?

‘माणूस माकडापासून झाला, तर सप्तशृंगी गडावरची माकडं अजून माकडंच कशी?’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचं पहिलं वाक्य चुकीचं आहे.

आजच्या माकडापासून माणूस झाला, असं उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. ही माकडं आपली दूरची चुलत भावंडं. त्यांची आणि आपली शाखा अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली; चिंपांझीची आणि आपली साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. चुलतभाऊ काही आपला आजोबा नसतो.

आणखी मागे गेलं तर गंमत वाढते. डायनोसॉरच्या काळातले बहुतेक सस्तन प्राणी उंदीर-घुशीएवढे होते. डायनोसॉर संपल्यानंतर लवकरच अमेरिकेत पर्गेटोरियस नावाचा चिमुकला प्राणी होता; त्याचे मुख्यतः दातच सापडलेत. तो वानरकुळाचा अगदी जवळचा, निदान बऱ्याच अभ्यासकांच्या मते. आपल्या ब्रह्मगिरीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून झाला, तोही साधारण त्याच सुमाराचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा!

पडताळायचं कसं? गडावर (लांबूनच) माकडाचा हात बघा: चपटी नखं, पकड घेणारा अंगठा, समोर बघणारे डोळे. मग खारीची अणकुचीदार नखं बघा. पक्का पुरावा मात्र पेशीत आहे. चिंपांझीची गुणसूत्रं 48, आपली 46. आपलं दोन क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडून झालंय, आणि एरवी टोकांशी असणाऱ्या डीएनएच्या खुणा त्याच्या मधल्या सांध्यावर आजही सापडतात.