अर्जित असहायता

आपण काहीही केले किंवा काहीच केले नाही तरी परिणामात फरक पडत नाही, असा अनुभव पुनःपुन्हा आल्यावर, पुढे जेथे प्रयत्नाने परिस्थिती खरोखर बदलू शकते तेथेही प्राणी किंवा माणूस प्रयत्न करीनासा होतो. या घटिताला मानसशास्त्रात अर्जित असहायता म्हणतात. मराठीत ‘शिकलेली असहायता’ असाही शब्दप्रयोग होतो. अध्ययन, प्रेरणा आणि विकास हे मानसशास्त्राचे तीन विषय सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, परंतु या एका संकल्पनेत ते परस्परांपासून सुटे करता येत नाहीत : पूर्वी काय शिकले गेले यावर पुढे प्रयत्न करण्याची इच्छा अवलंबून राहते, आणि ती इच्छा कोणत्या वयात कशी घडली यावर पुढचे शिकणे अवलंबून राहते. संकल्पनेच्या नावातच असहायता ही अर्जित, म्हणजे अनुभवाने शिकलेली, असते असे गृहीत धरले आहे. हेच गृहीतक ती मांडणाऱ्या संशोधकांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी मागे घेतले, आणि म्हणून तिचा इतिहास समजून घेतल्याशिवाय तिचा अर्थ नीट लागत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात भीतीच्या अभिसंधानावर, म्हणजे एखाद्या खुणेशी भीती जोडली जाण्याच्या प्रक्रियेवर, प्रयोग चालू होते. कुत्र्यांना झोळीसारख्या पट्ट्यांत अडकवून एक आवाज ऐकवला जाई व त्यापाठोपाठ विजेचा धक्का दिला जाई; नंतर त्यांना मध्ये बुटका अडसर असलेल्या दोन कप्प्यांच्या पेटीत सोडून, त्या आवाजाची भीती त्यांना पळून जाण्यास किती प्रवृत्त करते हे पाहायचे होते. प्रत्यक्षात यांतील अनेक कुत्रे अडसरावरून उडी मारीतच ना. धक्का सुरू झाल्यावर थोडी धावाधाव करून ते खाली पडून राहत आणि कण्हत सर्व सोसत. ब्रूस ओव्हरमायर आणि त्यांचे सहकारी यांना हा प्रयोगातील अडथळा वाटत होता, परंतु १९६४ मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून आलेल्या मार्टिन सेलिगमन यांना तोच अभ्यासाचा खरा विषय वाटला. पहिल्या टप्प्यात धक्के बसले एवढेच घडले नव्हते. कुत्र्याने केलेल्या कोणत्याही हालचालीचा त्या धक्क्यांवर परिणाम झाला नव्हता, आणि कदाचित कुत्र्याच्या हे लक्षात आले असावे, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क तपासण्यासाठी सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तीन गटांच्या रचनेमुळे महत्त्वाचा ठरला, आणि ही रचना बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या गटातील कुत्र्यांना झोळीत असताना धक्का बसे, पण डोक्याने बाजूची फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटातील प्रत्येक कुत्रा पहिल्या गटातील कुत्र्याशी जणू एकाच जुवाला जुंपलेला होता : पहिल्या गटाला जितके धक्के, जितका वेळ बसले तितकेच आणि तितकाच वेळ त्यालाही बसत, पण त्याची फळी निकामी होती. तिसऱ्या गटाला या टप्प्यात धक्के दिलेच नाहीत. झोळीत एकूण ६४ धक्के देण्यात आले आणि २४ तासांनी सर्वांना दोन कप्प्यांच्या पेटीत आणले गेले. पहिल्या व तिसऱ्या गटातील कुत्रे उडी मारून सुटायला सहज शिकले. दुसऱ्या गटातील आठांपैकी सहा कुत्रे मात्र दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक प्रयत्नांत सुटू शकले नाहीत. पहिल्या दोन गटांनी सोसलेली वेदना मोजमापाने सारखीच होती. फरक होता तो केवळ ती थांबवणे आपल्या हाती होते की नव्हते याचा. म्हणूनच वेदना, भीती वा थकवा यांना या निष्क्रियतेचे पुरेसे कारण मानता येत नाही.

लहानपणी साखळीने बांधलेला हत्ती मोठेपणी दोरीलाही हिसडा देत नाही, ही गोष्ट या संकल्पनेचे उदाहरण म्हणून मराठी भाषणांतून व संदेशांतून नेहमी सांगितली जाते. ती बोधकथा आहे, पुरावा नव्हे, आणि तिच्यात नेमका महत्त्वाचा भाग गळतो. केवळ अपयशाने किंवा पराभवाने अर्जित असहायता निर्माण होते असे हा सिद्धांत म्हणत नाही. कृती आणि परिणाम यांच्यातील संबंधच तुटलेला आहे, म्हणजे धडपड केल्याने आणि न केल्याने सारखेच घडते, हे अनुभवास यावे लागते. हरणारा मनुष्य पुढच्या वेळी वेगळा डाव टाकू शकतो. डाव टाकण्याला अर्थच नाही असे ज्याला वाटते त्याची गोष्ट निराळी आहे.

मनातील गोष्टी बाजूला ठेवून केवळ दिसणारे वर्तन अभ्यासणाऱ्या वर्तनवादी परंपरेला हा निष्कर्ष मान्य होणे अवघड होते, कारण प्राणी ‘अपेक्षा’ बाळगतो असे म्हणणे त्या परंपरेत निषिद्धच होते. दुसऱ्या गटातील कुत्रे हताश झालेले नसून निश्चल राहण्याचीच सवय त्यांना योगायोगाने लागली असावी, असा पर्यायी खुलासा मांडला गेला. मायर यांनी १९७० मध्ये त्याला दिलेले उत्तर या क्षेत्रातील सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक मानावे लागेल. त्यांनी काही कुत्र्यांना धक्का थांबवण्याचा मार्ग ठेवला, पण तो मार्ग म्हणजे अगदी स्तब्ध राहणे हाच होता. निश्चलतेची सवय हेच खरे कारण असते तर हे कुत्रे पेटीत सर्वांत असहाय ठरायला हवे होते. प्रत्यक्षात ते पुढे उडी मारायला शिकले. शरीराने ते स्थिर राहायला शिकले होते, तरी आपल्या वागण्याने काही घडते हेही शिकले होते, आणि निर्णायक ठरले ते हे दुसरे शिकणे.

उपाय आणि प्रतिबंध यांविषयीचे निष्कर्षही त्याच दिशेने जाणारे होते. असहाय झालेल्या कुत्र्यांना दोरीने ओढत पुनःपुन्हा पलीकडच्या कप्प्यात न्यावे लागे, तेव्हा कोठे ती हालचाल आणि सुटका यांचा संबंध त्यांना उमगे व ते स्वतः हलू लागत. याउलट, ज्यांना आधी सुटण्याचा अनुभव मिळालेला होता त्यांना नंतर अटळ धक्के दिले तरी ते असहाय झाले नाहीत. एखाद्या रोगावर लस टोचावी तसा पूर्वानुभवाचा हा परिणाम होता. सर्व प्राणी सारखे वागले असेही नव्हे. १९६५ ते १९६९ या काळात अटळ धक्के दिलेल्या सुमारे १५० कुत्र्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश कुत्रे असहाय झालेच नाहीत, तर पूर्वी कसलाही धक्का न बसलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के कुत्रे पहिल्यापासूनच निष्क्रिय होते. या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान मोलाचे असले तरी ते ज्या यातनांतून आले त्यांचा विसर पडू देणे योग्य नाही.

माणसांवरील पहिला महत्त्वाचा अभ्यास डोनल्ड हिरोटो यांचा (१९७४). विद्यार्थ्यांपैकी एका गटाला कर्कश आवाज कळ दाबून बंद करता येई, दुसऱ्या गटाला येत नसे, तर तिसऱ्याला आवाज ऐकवलाच गेला नाही. नंतर सर्वांसमोर एक साधी पेटी ठेवली, जिचा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवला की आवाज थांबत असे. दुसऱ्या गटातील बरेच जण दांडा न सरकवता बसून राहिले. पुढच्याच वर्षी हिरोटो व सेलिगमन यांनी दाखवले की हा परिणाम एका क्षेत्रातून दुसऱ्यात झिरपतो : न सुटणारी कोडी घातलेल्या विद्यार्थ्यांना नंतर अगदी वेगळी, सुटण्याजोगी कामेही जड गेली. यातून प्रेरणा, बोध आणि भावना या तिन्ही पातळ्यांवरील हानी वर्णिली गेली : प्रयत्नाची सुरुवातच होत नाही, चुकून यश आले तरी ते आपल्या कृतीमुळे आले हे लक्षात येत नाही, आणि मन खचते. या लक्षणांचे नैराश्याशी असलेले साम्य पाहून सेलिगमन यांनी हे नैराश्याचे एक प्रतिरूप म्हणून मांडले.

परंतु माणसाच्या बाबतीत एक अडचण उरली. तीच आपत्ती कोसळूनही एकजण खचतो आणि दुसरा खचत नाही, हे कशामुळे? लिन अब्रॅमसन, सेलिगमन आणि जॉन टीसडेल यांनी १९७८ मध्ये सिद्धांताची जी फेरमांडणी केली तिचे उत्तर असे की माणूस घटनेला केवळ सोसत नाही, तर तिचे कारणही शोधतो, आणि त्या कारणाचे स्वरूप असहायतेचा विस्तार व कालावधी ठरवते. कारण स्वतःत आहे की बाहेर, ते टिकाऊ आहे की तात्पुरते, ते सर्वव्यापी आहे की एका बाबीपुरते, हे तीन प्रश्न तेथे कळीचे ठरतात. गणिताच्या परीक्षेत नापास झालेला एक विद्यार्थी ‘मला डोकेच नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘अपूर्णांकांचा सराव कमी पडला’ म्हणतो. दोघांचे गुण सारखे असतील, पण पहिल्याने दिलेले कारण कायमचे आणि सगळ्या विषयांना पुरणारे आहे, तर दुसऱ्याचे एका प्रकरणापुरते आणि दूर होण्याजोगे आहे.

शाळकरी मुलांविषयीचे यातील काम प्रामुख्याने कॅरल ड्वेक यांचे आहे. ड्वेक आणि रेपुची यांच्या १९७३ च्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना एका प्रयोगकर्त्याने सुटणारी, तर दुसऱ्याने न सुटणारी कोडी दिली. नंतर या दुसऱ्या व्यक्तीने सुटणारी कोडी दिली तेव्हा काही मुलांना ती सोडवता आली नाहीत, जरी तशीच कोडी त्यांनी पहिल्या व्यक्तीसमोर सोडवली होती. मुलाला काय येते हे समोर कोण बसले आहे यावरही अवलंबून असू शकते, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने मनावर घ्यावी अशी आहे. १९७५ मध्ये ड्वेक यांनी अपयशाने पार कोलमडणाऱ्या १२ मुलांचे दोन गट केले. एका गटाला फक्त यश मिळेल अशी कामे दिली. दुसऱ्याला अधूनमधून अपयश येऊ दिले आणि त्या वेळी प्रयत्न कमी पडला, असे सांगितले. पहिला गट पुढे अपयश येताच पूर्वीसारखाच कोलमडला, तर दुसरा अपयशानंतरही टिकून राहिला. मुलाला अपयशापासून झाकून ठेवणे हे आपल्याकडच्या अनेक घरांत प्रेमाचे लक्षण समजले जाते. या निष्कर्षाच्या प्रकाशात ते पुरेसे ठरत नाही. त्याचबरोबर, काम मुलाच्या आवाक्याबाहेरचे असताना किंवा शिकवण्यातच उणीव असताना ‘तू प्रयत्न केला नाहीस’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय असतो, आणि या संशोधनाचा आधार त्या अन्यायाला मिळत नाही.

आपल्या हालचालीने जग बदलते हा शोध तर तान्हेपणीच लागतो. जॉन वॉटसन आणि क्रेग रेमी यांनी १९७२ मध्ये सुमारे दोन महिन्यांच्या बाळांच्या पाळण्यांवर खेळणी टांगली. काही बाळांनी उशीवर डोके दाबले की ती फिरत, तर इतरांची खेळणी त्यांच्या हालचालीशी संबंध न ठेवता फिरत किंवा स्थिर राहत. रोज १० मिनिटे, १४ दिवस असा हा प्रयोग चालला. ज्यांची खेळणी त्यांचे ऐकत होती त्या बाळांनी डोके दाबण्याचे प्रमाण वाढवले आणि ती खेळण्याकडे पाहून हसू व हुंकारू लागली. वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन बी. वॉटसन हे वेगळे. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, एलेन लँगर आणि जूडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात लहानसहान निर्णय आणि एका रोपाची निगा रहिवाशांवर सोपवली, तेव्हा ते अधिक उत्साही आढळले. पण रिचर्ड शुल्ट्झ यांच्या समांतर अभ्यासात, भेटीला कोणी केव्हा यावे हे ठरवण्याची मुभा प्रयोग संपताच नाहीशी झालेल्या वृद्धांची स्थिती पुढे खालावली. नियंत्रण देऊन काढून घेणे घातक ठरू शकते.

संकल्पना जितकी प्रसिद्ध झाली तितकी ती सैलपणे वापरली गेली. १९७९ पासून लेनोर वॉकर यांनी घरगुती हिंसा सोसणाऱ्या स्त्रिया घर का सोडत नाहीत याचा खुलासा तिच्या आधारे केला. अशा अनेक स्त्रिया पोलीस, नातेवाईक आणि संस्था यांच्याकडे सतत मदत मागत असतात व ती त्यांना मिळत नसते, असे १९८८ मध्ये गाँडॉल्फ आणि फिशर यांनी दाखवून दिले. मार्ग खरोखर बंद असताना त्या स्त्रीच्या मनाला दोष देणे चूक आहे. सर्वांत भीषण गैरवापर अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या चौकशी-कार्यक्रमात झाला. कैद्यांत असहायता निर्माण करण्याच्या हेतूने ही संकल्पना तेथे वापरली गेल्याची नोंद अमेरिकी सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे.

दरम्यान मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते, आणि उंदरांवरील त्यांच्या प्रदीर्घ संशोधनातून अनपेक्षित चित्र पुढे आले. दीर्घ आघातात मस्तिष्कस्तंभातील एका केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाची क्रिया तीव्र होते व त्यातून निष्क्रियता आणि भय उद्भवते. यासाठी काही शिकावे लागत नाही. आघात आपल्या ताब्यात असल्याचे कळते तेव्हा कपाळामागील बाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरील थराचा) एक भाग त्या केंद्रकाला आवरतो. २००५ मध्ये त्यांच्या गटाने हा भाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला, तेव्हा धक्का थांबवू शकणारे उंदीरही असहाय उंदरांसारखेच वागले, जरी धक्का थांबवणे त्यांना शिकता आले होते. या पुराव्यांच्या आधारे मायर व सेलिगमन यांनी २०१६ मध्ये मूळ सिद्धांत उलटा होता असे जाहीरपणे लिहिले : निष्क्रियता ही दीर्घ आघाताला मिळणारी उपजत प्रतिक्रिया आहे, आणि शिकले जाते ते नियंत्रण. १९६७ च्या प्रयोगात काही शिकला तो फळी दाबणारा पहिला गट, दुसरा नव्हे. स्वतःच्या नावावर रूढ झालेला सिद्धांत संशोधकांनीच असा पालटल्याची उदाहरणे मानसशास्त्रात विरळ आहेत. नाव मात्र पूर्वीचेच राहिले आहे. लसीसारखा तो जुना परिणामही या मांडणीत नव्या रीतीने समजतो : किशोरवयात आघात थांबवण्याचा अनुभव मिळालेल्या उंदरांना प्रौढपणी अटळ आघात सोसावा लागला, तरी त्यांच्यात असहायतेची लक्षणे दिसली नाहीत.