विज्ञान शंभर टक्के गॅरंटी का देत नाही

आमच्या वऱ्हाडात कृषी केंद्राच्या बाकड्यावर, एसटीत, पारावर, कुठंही विज्ञानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे शास्त्रज्ञ लोकं आज एक सांगतेत अन् उद्या दुसरं, याईचं काय खरं मानाव?" असं विचारणारा माणूस काही अडाणी नसतो, बदललेल्या सल्ल्याचा खर्च त्यानं खिशातून भरलेला असतो, म्हणून त्याला सरळ उत्तर मिळायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. माझं म्हणणं एवढंच की विज्ञान जे सांगतं त्याच्यासोबत कायम दोन गोष्टी असतात, एक म्हणजे आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो आणि दुसरी म्हणजे हे कोणत्या अटीवर खरं आहे, आणि लॅबपासून आपल्या गावापर्यंत येता येता नेमक्या ह्याच दोन गोष्टी वाटेत गळून पडतात.

लोणारचंच घ्या. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटरचं विवर, आणि ते ज्या काळ्या दगडात आहे तो बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जुना. आजूबाजूला जिकडं पाहावं तिकडं ज्वालामुखीचाच दगड, त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीनंच झाला असेल असं बरेच दिवस मानलं जायचं, आणि तेव्हा हातात जेवढा पुरावा होता त्यावरून तो विचार रास्तच होता. मग १९७३ मध्ये विवरात ड्रिलिंग करून काढलेल्या दगडांचा अभ्यास छापून आला, त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाला अतिप्रचंड दाबाचा धक्का बसला की त्याची काच होते, ती ही, आणि एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही, वरून काहीतरी भयंकर वेगानं येऊन आदळावं लागतं. तिथून पुढं लोणार उल्केनं झालं ह्यावर फारसा वाद राहिला नाही.

पण कधी झालं? इथं खरी मजा आहे. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स नावाच्या पद्धतीनं वय आलं ५२ हजार वर्षं, ६ हजार कमीजास्त. दगडातल्या खनिजांमध्ये नैसर्गिक किरणोत्सर्गानं हळूहळू ऊर्जा साठत जाते, उल्केच्या धक्क्यानं दगड वितळला तेव्हा ती शून्यावर आली, नंतर पुन्हा साठायला लागली, ती किती साठली ते दगड तापवून त्यातून निघणाऱ्या उजेडावरून मोजायचं. पद्धत चांगली, पण मध्येच कधी ऊर्जा गळून गेली किंवा साठायची जागाच भरली तर वय खरं असेल त्याहून कमी दिसतं. नंतर २०११ मध्ये दुसऱ्या एका टीमनं आरगॉनच्या पद्धतीनं मोजलं तर वय निघालं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार कमीजास्त. म्हणजे थेट दहापटीहून जास्त!

हा कमीजास्तचा आकडा काय सांगतो ते बघा, वय बहुधा ५ लाख २३ हजार ते ६ लाख १७ हजारांच्या मध्ये कुठंतरी आहे. पण आधीच्या मोजणीलाही असाच आकडा लावलेला होता, ६ हजारांचा, आणि नवं उत्तर त्याच्या कितीतरी बाहेर गेलं. कारण हा आकडा त्या पद्धतीच्या आतली चूक सांगतो, ती पद्धत ज्या गृहीतावर उभी आहे ते गृहीतच डळमळीत असेल तर त्याचा हिशोब त्यात येत नाही. आरगॉनची पद्धतही ह्यातून सुटलेली नाही, दगडातलं पोटॅशियम हळूहळू आरगॉन वायूत बदलतं त्यावर ती चालते, आणि दगड वितळताना जुना आरगॉन पूर्ण निघून गेला असं धरावं लागतं, तो थोडा जरी अडकून राहिला तर वय उगाच जास्त दिसतं, आणि लोणारचा मूळ दगड तर कोट्यवधी वर्षं जुना. २०११ च्या टीमला ह्याची जाणीव होती, म्हणून जुना उरलेला आरगॉन वेगळा काढायचं गणित त्यांनी केलं, आणि त्यामुळेच त्या आकड्यावर जास्त विश्वास बसतो. तरी उद्या कोणी आणखी बारीक मोजलं आणि आकडा थोडा सरकला तर मला अजिबात नवल वाटणार नाही. ५ लाखांचे पुन्हा ५० हजार झाले तर मात्र वाटेल, आणि विवर ज्वालामुखीचंच निघालं तर फारच. शंका सगळीकडं असते पण सारखी नसते, हे सांगायचंय मला.

पावसाच्या अंदाजाचंही तसंच. २०२३ मध्ये हवामान खात्यानं एप्रिलात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, ५ टक्के कमीजास्त, आणि मान्सून संपला तेव्हा देशात ९४ टक्के झाला, म्हणजे अंदाज बरोबर. आता तो अख्ख्या देशाचा चार महिन्यांचा आकडा, त्यावरून आपल्या शिवारात मृगात पेरावं की थांबावं हे कळणारच नाही, पण आपल्यापर्यंत येतं ते "यंदा पाणी चांगलं आहे" एवढंच, आणि जुलैत वीस दिवस उघाड पडली की शिव्या खात्याला.

बरं, मोजणी एकदम चोख केली, गृहीतही बरोबर निघालं, तरी पूर्ण खात्री का होत नाही? त्याचं उत्तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरातच आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सल्ला असतो की एकरात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची, दोनात अळी किंवा तिची लागण दिसली म्हणजे १० टक्के, फवारणीची वेळ आली. आता समजा वावरात खरंच १० टक्के बोंडं किडलेली आहेत. एक बोंड तोडलं तर ते चांगलं निघायची शक्यता ०.९. वीसच्या वीस चांगली निघायची शक्यता म्हणजे ०.९ ला ०.९ नं असं करत वीस ०.९ चा गुणाकार, तो येतो ०.१२. म्हणजे अशा आठ वावरांपैकी साधारण एका वावरात शेतकरी वीस बोंडं फोडेल, एकही अळी दिसणार नाही, निश्चिंत होऊन घरी जाईल, आणि आत १० टक्के बोंडं पोखरलेली असतील. त्यानं काहीच चुकीचं केलेलं नाही!

चाळीस बोंडं तोडली तर हीच शक्यता शंभरात दीडवर येते. शंभर तोडली तर जवळजवळ नाहीशी होते. पण शून्य होत नाही, शून्य करायची तर वावरातलं झाडून सगळं बोंड तोडून फोडावं लागेल आणि मग वेचायला कापूसच उरणार नाही. विज्ञानातल्या बहुतेक सगळ्या नियमांचं हेच आहे, जेवढं तपासलं त्यावरून न तपासलेल्याबद्दल बोलायचं, आणि न तपासलेलं कायम जास्तच असतं. शिवाय हे गणितही एका अटीवर, बोंडं सगळीकडून तोडलेली पाहिजेत. कोणी धुऱ्याकडच्या दोन ओळींतलीच वीस तोडून आणली तर ०.१२ चा काही अर्थ राहत नाही.

आणि काही बाबतीत तर ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तेच बदलतं. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, क्राय१एसी नावाच्या एका प्रथिनाचा जीन होता त्यात, मातीतल्या एका जिवाणूपासून घेतलेला, अळीनं खाल्लं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. २००६ मध्ये क्राय२एबी हा दुसरा जीन असलेलं बियाणं आलं. चालत होतं, हिरव्या बोंडअळीवर तर चांगलंच चाललं. पण सोबत एक अट होती, वावरात २० टक्के किंवा भोवतीनं पाच ओळी साध्या कापसाच्या लावायच्या, त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं वेगळं पुडकं यायचं. का, तर बीटीला दाद न देणारी एखादी अळी असतेच, तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच दुसरा जोडीदार मिळाला तर पिल्लंही दाद देत नाहीत, पण साध्या झाडांवर वाढलेला जोडीदार मिळाला तर पिल्लं बीटीनं मरतात, कारण तो गुण बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून आला तरच उतरतो. हे कारण किती लोकांना नीट समजावून सांगितलं गेलं? दोन-तीन एकरवाल्याला सांगायचं की पाच ओळी अळीसाठी सोड, आणि कारण सांगायचं नाही, तो कशाला सोडेल. त्यात आपल्याकडं फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही राखलेली पऱ्हाटी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, आणि गुलाबी अळी तर जवळजवळ कापसावरच जगणारी, तिला पिढ्यांवर पिढ्या काढायला मोकळं रान. २०१७ मध्ये डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, आणि कवडी, म्हणजे किडून चिकटलेला कापूस, किती पाहिला ते विदर्भात कोणाला सांगायला नको.

मग बीटीचं विज्ञान खोटं होतं का? तीच अळी, तेच दोन जीन, अमेरिकेत मात्र साध्या कापसाच्या ओळी, नंतर विमानातून सोडलेले वांझ पतंग आणि बाकी शिस्त, ह्या सगळ्यातून २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं कापसाच्या पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये तर शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी लावली, त्यात काही झाडं आपोआप बिनबीटीची निघाली, आणि तेवढ्यानंही अळीची प्रतिकारशक्ती मागं हटली.

आपल्याकडं आता साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली आहे, म्हणजे पुडकं फेकून द्यायचा प्रश्नच नाही, आणि मला हा बदल चांगला वाटतो. तरी त्यातही एक बारीक गोष्ट तपासत राहावी लागेल, शेजारच्या बीटी झाडाचे परागकण मधमाश्या साध्या झाडावर आणतात, मग त्या साध्या बोंडातल्या काही सरक्यांमध्ये बीटी उतरतं आणि काहींमध्ये नाही, आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते, तिला कुठं विष मिळतं, कुठं नाही, म्हणजे साध्या झाडावर बीटीनं मरणारा जोडीदार वाढावा हा हेतू तिथं थोडा कमी साधतो.