वीस वेळा व्यालेली पेशी

मे महिन्यात परभणीत पारा 42 अंशांवर गेला की आमच्या गल्लीतला बेकरीवाला पीठ मळायला माठातलं पाणी घेतो. टाकीचं पाणी चटका देतं. "खमीर मरतंय हो त्यानं," म्हणतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे.

यीस्टची पेशी 30 अंशांच्या आसपास मजेत वाढते. एकदम 50 अंशांत टाकली तर बहुतेक पेशी लवकरच मरतात. पण आधी तासभर 37 अंशांत ठेवून मग 50 अंशांत नेल्या, तर त्यातल्या पुष्कळ तगतात. मधल्या तासात काय होतं? पाऊस लांबल्यावर आपल्याकडं घर जसं खर्च आवरतं, तशी पेशी वाढ थांबवते. तिच्या सुमारे 6000 जनुकांपैकी 900च्या आसपास जनुकांचं काम बदलतं: सहाएकशे मंदावतात, तीनेकशे जोर धरतात. उष्णतेनं उलगडून एकमेकांत अडकलेल्या प्रथिनांचा गुंता सोडवणारी प्रथिनं तयार होतात. ट्रेहॅलोज नावाची साखर साठते. पाकिटातलं कोरडं यीस्ट महिनोन् महिने जिवंत राहतं, त्यातही या साखरेचा मोठा वाटा आहे.

म्हातारपण मात्र वेगळी गोष्ट. यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढून लेक होते आणि सुटते. आईच्या अंगावर गोल वण राहतो. सुमारे पंचवीस बाळंतपणं झाली की आई थांबते, मग मरते. 1959 साली रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी हे मोजलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं प्रत्येक लेक आईपासून बाजूला करत बसायचं, दिवसचे दिवस. असल्या चिकाटीपुढं मी हात जोडतो.

विशेष म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचे गोळे आणि डीएनएची फालतू कडी बहुतांशी आईच स्वतःकडं ठेवते. लेकीचं वय शून्यापासून सुरू होतं. आई फारच थकली की हे जमत नाही, अशा लेकी कमी जगतात.

तशा आया पिठात शोधूनही सापडायच्या नाहीत. भराभर वाढणाऱ्या खमिरात निम्म्या पेशींवर एकही वण नसतो, पाव हिश्शावर एकच. वीस वेळा व्यालेली आई वीस लाखांत एखादी. म्हणून तर ती सुई लागली. बेकरीवाल्याच्या परातीत फुगतात त्या जवळजवळ सगळ्या पोरीसोरीच.