साहेल : पर्यावरण, समाज व राजकारण

साहेल : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत पसरलेला आफ्रिकेतील अर्धशुष्क पट्टा. अरबी ‘साहिल’ म्हणजे किनारा. हा किनारा वाळूच्या समुद्राचा. पट्ट्याची हद्द पावसाने ठरते. उत्तरेस वर्षाला साधारण २०० मिमी., दक्षिणेस ६०० मिमी. आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सेनेगल, मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड व सुदान हे यातले प्रमुख देश. आपल्या भाकरीची बाजरी मूळची इकडचीच. उत्तर मालीत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे अवशेष सापडले आहेत.

वाळवंट दरवर्षी दक्षिणेकडे सरकत येते आणि साहेल गिळते, हे चित्र लोकप्रिय असले तरी फसवे आहे. १९६८–७३ आणि १९८३–८५ चे दुष्काळ भीषण होते. १९६० च्या दशकात सुमारे २५,००० चौ. किमी. असलेले चाड सरोवराचे पाणी १९८० च्या दशकात दहाव्या हिश्शाच्या आसपास आले. पण १९९० नंतर पाऊस बऱ्याच अंशी परतला, सरोवरातही थोडे पाणी वाढले. अडचण अशी, की परतलेला पाऊस मोजक्या जोरदार सरींत कोसळतो आणि उघड्या जमिनीवर कडक पापुद्रा धरलेला असतो. पाणी मुरत नाही, वाहून जाते. त्यामुळेच दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या नायजरची राजधानी नियामे २०१२ आणि २०२० मध्ये पुराखाली गेली.

या पापुद्र्यावरचा उपाय बुर्किना फासोच्या यातेंगा भागातील शेतकऱ्यांनी आपल्या जुन्या रीतीतून काढला. तिचे नाव ‘झाई’. कोरड्या हंगामात कुदळीने २० ते ४० सेंमी. रुंद आणि १० ते २० सेंमी. खोल खड्डे खणायचे, दोन खड्ड्यांत ६० ते ८० सेंमी. अंतर ठेवायचे, हेक्टरी दहा हजारांहून अधिक खड्डे होतात. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखी लावायची, म्हणजे वरून येणारे पाणी अडते. खड्ड्यात ओंजळभर शेणखत घालून वर थोडी माती ओढायची. खताच्या वासाने वाळवी येते, ती बिळे पोखरते आणि पाणी त्या वाटांनी खाली उतरते. पहिल्या चांगल्या पावसावर बाजरी किंवा ज्वारी पेरायची. वाळूसरी जमिनीत मात्र खड्डे बुजतात, फार पाऊस झाला तर मुळे कुजतात, आणि खत नसेल तर पाणी अडूनही कणीस भरत नाही. एक हेक्टर खणायला एका माणसाचे महिने जातात. घरातले तरुण खाणीत किंवा शहरात गेले की हे काम थांबते. वरच्या बाजूला समपातळीवर दगडांची ओळ लागते. तिची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढतात, आपल्याकडे गवंडी वापरतो तशीच.

झाडांची कथा कायद्याची आहे. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या १९३५ च्या वनकायद्यामागची वृत्ती स्वातंत्र्यानंतरही टिकली: स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवाना, नाहीतर दंड. शेतकरी शहाणा, तो रोप हातभर असतानाच उपटून टाकी. १९८० च्या दशकात नायजरच्या मारादी भागात उलटा प्रयोग झाला. जमिनीखाली जिवंत असलेल्या खोडांच्या फुटव्यांतले मोजके जोमदार ठेवायचे, बाकीचे आणि खालच्या फांद्या छाटायच्या. रोपवाटिका नको, पाणी घालणे नको. अंमलदारांची पकड सैल झाली तशी ही रीत पसरली आणि दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे उभी राहिली. त्यांतला बाभळीच्या कुळातला ‘गाओ’ पावसाळ्यात पाने गाळतो, म्हणून पिकावर सावली धरत नाही, आणि उन्हाळ्यात गुरांना शेंगा देतो. याउलट आफ्रिकी संघाने २००७ मध्ये हाती घेतलेल्या ८,००० किमी.च्या ‘महान हरित भिंती’चे, म्हणजे साहेलभर झाडांचा पट्टा उभारण्याच्या योजनेचे, लक्ष्य २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर, २०२० च्या आढाव्यात नेमून दिलेल्या क्षेत्रात जेमतेम ४० लाख भरले. राखणदार नसलेले रोप इथे पहिल्या उन्हाळ्यातच जळते.

शेतकरी आणि फुलानी पशुपालक यांचा व्यवहार जुना आहे. सुगीनंतर कळप शेतात बसतात, धाटे खातात, खत टाकून जातात. धनगरांच्या मेंढ्या बसवण्यासारखेच. लोकसंख्या वाढली (नायजरमध्ये बाईमागे सरासरी सहा मुले, निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची), तशा गुरांच्या वाटाही नांगराखाली आल्या. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेच्या १९९८ च्या ठरावानुसार सीमा ओलांडणाऱ्या कळपाला दाखला लागतो: गुरांची संख्या, लसी, मार्ग, नाके. कागद ठीक आहे, पण वाट जमिनीवर आखलेली नसेल तर भरपाईचा वाद गावपंचायतीतून बंदुकीकडे जातो. जिहादी टोळ्या हीच तक्रार धरून भरती करतात आणि प्रत्युत्तरात गावोगाव रक्षकदले उभी राहतात. मार्च २०१९ मध्ये मालीतील ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली.

लिबियात २०११ मध्ये गद्दाफीची सत्ता कोसळल्यावर शस्त्रे आणि लढवय्ये दक्षिणेस आले, आणि २०१२ मध्ये उत्तर मालीत बंड पेटले. फ्रान्सची ‘बारखान’ मोहीम (२०१४–२२) व संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना (२०१३–२३) असतानाही हिंसा माली, बुर्किना फासो व नायजर यांच्या लिप्ताको-गुर्मा या त्रिसीमेवर पसरतच गेली. मालीत २०२० व २०२१, बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा आणि नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. या तिघांनी सप्टेंबर २०२३ मध्ये आपली आघाडी केली आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ‘इकोवास’ सोडली. गुरांच्या दाखल्याचा आधारही त्याच संघटनेत होता.

जमीन सुधारली की तिच्यावर हक्क सांगणारे येतात. जमीन बहुतेक ठिकाणी रूढीने, तोंडी कसायला दिलेली असते. सात-बारासारखा कागद नसतो. झाईत सुधारणा करणारे यातेंगाचे शेतकरी याकूबा सावादोगो (मृ. २०२३) यांना २०१८ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. ओसाड माळावर त्यांनी वाढवलेल्या जंगलाचा काही भाग मात्र वाहिगुया शहराच्या वाढीत घरांच्या प्लॉटांसाठी आखला गेला होता.