बुरुजाचे चिरे आणि पाण्याचं माप

साच्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट होताना बोटांना चक्क गरम लागतं. मध्ययुगीन गढी असो की परीकथेतला मनोरा, छोटी प्रतिकृती अशा ओतलेल्या शेकडो चिऱ्यांतून, म्हणजे प्लास्टरच्या छोट्या ठोकळ्यांतून, उभी राहते. ही ऊब कुठून येते हे कळलं, तर चिरे का ठिसूळ होतात तेही कळतं.

जिप्सम मुळात दगड. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या जोडीला पाणी बांधलेलं असतं. सुमारे १५० अंश सेल्सियसला भाजला की पाऊण पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीतल्या जिप्सममुळे ती ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ झाली. पाण्यात कालवली की पूड गेलेलं पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि उष्णता बाहेर पडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७६५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध जिप्समवरचाच होता. (मोठ्या गोळ्यात ही उष्णता कातडी भाजण्याइतकी चढते. ठसा घ्यायला हात त्यात कधीही बुडवू नका.)

आता मापाकडे. १०० ग्रॅम पुडीला पुन्हा दगड व्हायला जेमतेम १९ ग्रॅम पाणी लागतं. पण तेवढ्यात ती ओतता येत नाही, म्हणून आपण ६०-७० ग्रॅम घालतो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. सुकलेला चिरा जवळपास निम्मा पोकळ असतो! दंतवैद्य दातांचे नमुने ओतायला वापरतात त्या ‘डेंटल स्टोन’चं रसायन हेच, पण त्याचे कण घट्ट असल्याने ३० ग्रॅम पाणी पुरतं. तटाच्या कंगोऱ्यांना आणि बारीक खांबांना मी तेच वापरेन. साध्या भिंतीला मात्र सच्छिद्र प्लास्टरच बरं: ते रंग पितं आणि गोंद धरून ठेवतं.

भांडं स्वच्छ हवं. जुन्या प्लास्टरचे कण राहिले तर त्यांच्याभोवती स्फटिक झपाट्याने वाढतात आणि ओतण्याआधीच मिश्रण आवळतं. पूड पाण्यात भुरभुरवावी, हळू ढवळावी, साचा भरल्यावर ठोकावा, म्हणजे बुडबुडे वर येतात. घट्ट होताना प्लास्टर किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातल्या छिन्नीच्या खुणाही स्पष्ट उमटतात.

चिरा गालाला लावून थंड लागला, तर आत अजून पाणी आहे. सुकवायला पंख्याचा वारा किंवा ४० अंशांची ऊब पुरते. कडक भट्टीत ठेवलात तर त्याचं बांधलेलं पाणीच सुटू लागतं आणि चिरा पुन्हा पुडीच्या वाटेला लागतो.